आईला न्यायला दादा येणार होता

“आला का गं?” आईनं आतून विचारलं.

“नाही.”

“रिक्षा थांबल्यासारखी वाटली.”

“ती वाघवहिनींकडे आलीय.”

मी दारातच उभी होते. चपला पायात, पर्स खांद्याला आणि डोळे गल्लीच्या तोंडाकडे. नाशिकच्या सिडकोतली आमची गल्ली इतकी अरुंद, की रिक्षा आत शिरली की चार घरांना वाटावं, आपल्याकडेच पाहुणे आले. त्या रविवारी सकाळपासून बऱ्याच रिक्षा आल्या नि गेल्या. एकीतूनही दादा उतरला नाही.

ठरलं होतं ते अगदी सरळ होतं. उल्हासदादा ठाण्याहून पहाटेच्या गाडीनं निघणार, दहापर्यंत घरी पोचणार आणि चहा पिऊन आईला घेऊन जाणार. मग मी घराला कुलूप घालायचं, किल्ली समोर वाघवहिनींकडे द्यायची आणि दीडच्या सातारा गाडीत बसायचं. सोमवारी सकाळी मला साताऱ्याच्या शाखेत हजर व्हायचं होतं. चाळिशीला टेकल्यावर मी बँकेत क्लार्कची ऑफिसर झाले होते. बढती म्हटली की बदली आलीच, त्याला आपण काय करणार, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. आई आता दादाकडे राहणार हेही महिन्याभरापूर्वी पक्कं झालं होतं. दादा नाही म्हणाला नव्हता. खरं तर तो कधीच कशाला नाही म्हणत नाही. नुसता उशिरा येतो.

मी आत आले. घर निघायला तयार बसलं होतं. गॅस बंद केलेला, फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवलेलं, गाद्या गुंडाळून पलंगावर. त्या गाद्यांना टेकून आई बसली होती. जांभळी साडी, केसांना तेल, पायाशी बॅग. फक्त देव अजून कोनाड्यातच होते.

“देव घेतले नाहीस?”

“घेईन की निघताना. त्यांना कशाला आधीपासून डब्यात कोंडायचं?”

मी ठाण्याला फोन लावला. मोबाइल तेव्हा आमच्यासारख्यांकडे आले नव्हते. फोन म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावरचा, आईनं विणलेल्या जाळीच्या रुमालाखालचा. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

“निघाले असतील सगळे,” मी म्हणाले.

“सगळे कशाला येतील?” आई म्हणाली. “त्याला एकट्यालाच यायचं होतं ना?”

“मग वहिनी का नाही उचलत?”

“तिचं मला विचारू नकोस.”

अकरा वाजून गेले. मी पुन्हा दाराशी जाऊन आले. हे असं मला नवीन नव्हतं. आयुष्यात जेव्हा जेव्हा माझी बॅग भरून तयार झाली, तेव्हा तेव्हा ऐन निघायच्या वेळी काहीतरी उभं राहिलं होतं. बँकेनं मुंबईला ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं, त्या आठवड्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. बाबा गेले आणि वर्षभरानं मैत्रिणींबरोबर मनालीचं ठरलं, तेव्हा आईचं ब्लडप्रेशर वाढलं. जळगावच्या एका माणसाशी लग्नाचं जवळजवळ जमलं होतं. सरळ माणूस होता, विधुर होता. पण त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि माझी आई म्हणाली, “तिथं जाऊन तिची हागणीमुतणी काढणार, मग माझी कोण काढणार?” ती हे चेष्टेत म्हणाली होती. मी हसले होते. मग ते स्थळ हळूहळू विझलं. भांडण झालं नाही, कुणी मोडलंही नाही. नुसतं विझलं.

साडेअकराला पुन्हा फोन लावला. यावेळी केतकीनं उचलला. दादाची मुलगी, तेव्हा सातवीत होती.

“आत्या? आई-बाबा घरी नाहीत गं. मी आत्ताच खालून खेळून आले.”

“बाबा नाशिकला यायला निघालेत ना?”

“नाही. ते दोघं लग्नाला गेलेत. कल्याणला. मनीषामावशीच्या नणंदेचं लग्न आहे.”

मला आधी नीट कळलंच नाही. “लग्नाला? आणि आजीला न्यायचं होतं ते?”

“आजी येणारे?” केतकी म्हणाली. “आई तर म्हणाली, आजी नाही येत आता. माझं कपाट रिकामं केलं होतं ना, त्यात परत माझे कपडे ठेवलेसुद्धा.”

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच.

“काय झालं?” आई म्हणाली.

“काय व्हायचंय! तुझा मुलगा सासुरवाडीच्या कुणाच्या तरी लग्नात जेवायला बसलाय. आणि तुझ्या सुनेनं घरात सांगून टाकलंय, आजी येत नाही म्हणून. कपाटसुद्धा भरलं परत. निदान मला एक फोन करायचा! आपण दोघी इथं दाराकडे डोळे लावून बसलोय आणि ती तिकडे शालू नेसून मिरवतेय.”

“बाई गं!” आई म्हणाली.

“आधीपासूनच तिच्या मनात नव्हतं. मी महिन्याभरापूर्वी बोलले ना, तेव्हाच तिचा आवाज कसा बारीक झाला होता.”

“तिला मी कधीच नको होते,” आई म्हणाली आणि खाली बघून साडीच्या निऱ्या सारख्या करू लागली. “जाऊ दे. तू कशाला तोंड खराब करतेस? चहा टाकू का? गॅस चालू कर.”

“चहा नको मला! मला दीडची गाडी आहे!”

मी त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत होते आणि वहिनीला काय काय बोलत होते ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. वहिनीचं माहेर काढलं. तिनं आईला ठाण्याला गॅलरीत झोपवलं होतं ते काढलं. बाबांच्या आजारपणात ती तीन दिवस राहून कशी परत गेली ते काढलं. आई मधूनमधून “हो ना” म्हणत होती. एकदा तर म्हणाली, “आणि भाजीत मीठ किती घालते! मुद्दाम.”

तेवढ्यात फोन वाजला.

“कुंदा?” दादाचा आवाज. मागे सनई, माणसांचा गलका, कुणाचं तरी रडणारं पोर. “मी कल्याणहून बोलतोय, बूथवरून. केतकी जेवली का म्हणून घरी फोन केला, तर ती म्हणाली आत्या चिडलीय. काय झालं? आई बरी आहे ना?”

“तुला लाज वाटते का रे?” मी म्हणाले. “आई सकाळपासून साडी नेसून बसलीय. माझी गाडी जाईल आता. यायचं नव्हतं तर सांगायचं होतंस!”

सनई तेवढी ऐकू येत राहिली.

“म्हणजे तू जातेयस?”

“जातेयस म्हणजे? उद्या हजर व्हायचंय मला!”

“अगं, आईनं गुरुवारी फोन केला होता. म्हणाली, कुंदाचं रद्द झालं. साहेबांनी बदली थांबवली, आता तू येऊ नकोस, तुमचं लग्नबिग्न आहे ते करा सुखानं. मी म्हणालो, कुंदाशी बोलू का? तर म्हणाली, ती नाराज आहे, आत्ता काही विचारू नकोस.”

मी मान वळवून आईकडे बघितलं. ती गुंडाळलेल्या गादीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती.

“कुंदा? ऐकतेयस ना? मी आता निघालो तरी चार वाजतील बघ पोचायला...”

“राहू दे,” मी म्हणाले. “जेवून घे तू.”

फोन खाली ठेवला तेव्हा घरात इतकं शांत झालं, की समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आमच्याच स्वयंपाकघरात झाल्यासारखी वाटली.

“तू दादाला फोन केला होतास?”

आईनं दोऱ्याचा आणखी एक वेढा बोटाला घातला.

“आई, मी काय विचारतेय?”

“केला होता.”

“येऊ नको म्हणून?”

“हो.”

“आणि काल माझ्यासमोर बसून ती बॅग भरलीस ती कशाला?”

“तू भरलीस. मी नुसती बसले होते.”

“आणि आत्ता! आत्ता मी वहिनीला एवढं बोलले, तेव्हा ‘हो ना, हो ना’ करत होतीस! मिठाचं काय काढलंस!”

“मीठ जास्तच घालते ती,” आई म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. रागाचं रडू. मी तशीच चपला घालून पलंगाच्या कडेवर बसले. “का केलंस असं? मला नुसतं सांग, का.”

“मला वाटलं, तो आला नाही की तू जाणार नाहीस.” तिनं इतक्या साधेपणानं हे सांगितलं, जणू दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला होता. “आजवर तसंच तर झालंय.”

“हे माझ्या नोकरीचं आहे, आई. बदली आली की जावंच लागतं.”

“आली नाही ती,” आई म्हणाली. “तू मागून घेतलीस.”

मी वर बघितलं.

“तुमच्या बँकेतल्या त्या देवरेबाई भेटल्या होत्या मंदिरात. मला म्हणाल्या, मावशी, कुंदाताईंना नाशकातच मिळत होतं हो. आई एकटी आहे म्हणून अर्ज केला असता तर साहेब इथंच ठेवणार होते. त्यांनीच सातारा मागितलं. मी म्हणाले, असेल, तिला हवा बरी वाटत असेल तिथली.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ओळखीचं कोण आहे तिथं? कुणी माणूस आहे का? असेल तर सांग. मी काही आडवी येणार नाही.”

“कुणी नाही.”

“खरंच?”

“खरंच कुणी नाही, आई. म्हणूनच मागितलं.”

तिला ते कळलं नाही. तिचा चेहराच सांगत होता. एखादा माणूस असता तर तिला बरं वाटलं असतं. माणसासाठी मुलगी घर सोडते, हे तिला ओळखीचं होतं. बोलायचं नाही असं मी किती दिवस ठरवलं होतं, पण आता थांबता येईना.

“रोज संध्याकाळी मी फाटक उघडते,” मी म्हणाले, “आणि आतून तुझा आवाज येतो, आलीस? मग, आज उशीर? मग, चहा टाकू? मग मी चहा पीत असते आणि तू समोर बसून मी तो कसा पितेय ते बघत असतेस. गोड झाला का, पाणचट झाला का, ऑफिसात काय झालं, कोण काय बोललं. मी पुस्तक उघडलं की म्हणतेस, डोळे दुखतील. दिवा चालू ठेवला की म्हणतेस, मला झोप येत नाही. तू वाईट काहीच करत नाहीस, आई. तेच तर! तू वाईट वागली असतीस तर मी ओरडले तरी असते. मला एकदा, फक्त एकदा, बाहेरून यायचंय, कुलूप उघडायचंय आणि आत कुणी नसावं. बस्. मला दुसरं काही नको.”

आईनं बोटाचा दोरा सोडवला.

“म्हणजे मी मेल्यावर जे होणार आहे,” ती म्हणाली, “ते तुला आत्ता हवंय.”

“असं बोलू नकोस.”

“मग कसं बोलू? शिकव. तू शिकलेली आहेस.”

“तू ठाण्याला गेली असतीस तर...”

“मी ठाण्याला जाणार नाही. तिथं त्या काचेच्या गॅलरीत मी लोणच्याच्या बरणीसारखी दिसते. येणारा जाणारा बघतो.”

घड्याळाचा काटा पुढे चालला होता. मला आठवतं, मी उठले, खिडकीशी गेले, परत आले. आणि मग जे बोलायचं नव्हतं नेमकं तेच माझ्या तोंडून गेलं. नेहमी तेच जायचं.

“मग माझ्याबरोबर चल. साताऱ्याला. एक खोली घेतलीय, दुसरी बघू. चल, बॅग भरलेलीच आहे.”

आईनं डोक्यापासून पायापर्यंत मला बघितलं. तिच्या नजरेत पहिल्यांदाच राग आला.

“असं तोंड करून तेराव्याचं जेवायलासुद्धा कुणी बोलवत नाही,” ती म्हणाली. “नाही येत मी.”

याच वेळी वाघवहिनी डबा घेऊन आत आल्या. त्यांना आत यायला कधी हाक लागायची नाही. “कुंदाताई, दशम्या आहेत आणि शेंगदाण्याची चटणी. गाडीत खा. अगंबाई, उल्हासभाऊ नाही आले अजून?”

“त्याला काम निघालं,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम गोड झाला होता. “मी इथंच राहते म्हटलं आता.”

“मग कुंदाताई थांबतायत ना?” वाघवहिनींनी विचारलं.

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. वाघवहिनींचं बघणं साधं होतं. आईच्या बघण्यात खात्री होती. आता ही चपला काढणार, गाद्या उलगडणार, गॅस चालू करणार आणि उद्या ऑफिसात तार पाठवणार, हे तिला माझ्यापेक्षा आधी दिसत होतं. मलाही दिसत होतं. माझा एक पाय चपलेतून अर्धा निघालासुद्धा होता.

“नाही,” मी म्हणाले. “मी चाललेय.”

“आणि मावशी एकट्या?” वाघवहिनींनी डबा छातीशी धरला.

मी वळले. स्वयंपाकघरात गेले. गॅस चालू केला. फ्रिज लावला. माळ्यावर चढवलेले डाळ-तांदळाचे डबे खाली काढले आणि तिचा हात पोचेल अशा फळीवर मांडू लागले. सगळं आदळत, आपटत. आई दारात येऊन उभी राहिली.

“राहू दे. मला येतं.”

“तुझा हात पोचत नाही.”

“स्टुलावर चढेन.”

“पडशील.”

“पडेन.”

मी गोळ्यांची पिशवी तिच्या बॅगेतून काढून पलंगाशेजारी ठेवली. वाघवहिनींना म्हणाले, “रात्री एकदा बघून जाल ना?” त्या हो म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा मला आयुष्यभर पुरेल असा झाला होता. मी आईला वाकून नमस्कार केला. तिनं पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. मी ट्रंक आणि वळकटी रिक्षात घातली. गल्लीच्या तोंडाशी मागे वळून बघितलं, तर फाटकाशी वाघवहिनी होत्या. आई नव्हती.

गाडी मिळाली. साताऱ्याला पोचले, खोलीचं कुलूप मी स्वतःच्या हातानं उघडलं आणि आत कुणी नव्हतं. इतक्या वर्षांचं जे मागणं होतं ते समोर उभं होतं आणि मी वळकटीवर बसून वाघवहिनींच्या दशम्या रडत रडत खाल्ल्या. पहिले कितीतरी दिवस मला संध्याकाळी पायऱ्या चढताना कानात “आलीस?” ऐकू यायचं. राग यायचा. तिचा, आणि इतकं करूनही तिच्याच तावडीत सापडलेल्या माझा.

महिनाभर आई माझ्याशी बोलली नाही. मी फोन करायची, ती उचलायची, आवाज ऐकून ठेवून द्यायची. तेवढ्यावरून ती जिवंत आहे एवढं कळायचं. बाकी सगळे मात्र बोलत होते. मामांचं पत्र आलं, की मुलगा नालायक निघाला तरी चालतं, मुलगी निघू नये. दादा पुढच्याच रविवारी तिला न्यायला गेला. ती आली नाही. “कुंदाचं काही खरं नाही, येईल परत. घर उघडं नको का?” असं म्हणून तिनं त्याला जेवू घालून परत पाठवलं. दादा मला फोनवर म्हणाला, “तू असं करायला नको होतं.” आपण काय करायला हवं होतं, याबद्दल तो काही बोलला नाही.

हळूहळू मला साताऱ्यात करमायला लागलं. हे सांगताना अजूनही मला इकडेतिकडे बघावंसं वाटतं. रविवारी दुपारपर्यंत अंघोळ न करणं, भांडी तशीच सिंकमध्ये ठेवणं, दिवा लावून पुस्तक संपेपर्यंत वाचणं, एका वेळेला नुसतं दही-भात खाणं. शाखेतल्या बायकांबरोबर मी यवतेश्वरच्या डोंगरावर चालत जायला लागले. मनालीला जाऊन आले. आणि याच काळात आईही बोलायला लागली. आधी गॅसचा नंबर कसा लावायचा ते विचारायला, मग लाइटबिलाबद्दल, मग काहीच न विचारता. नंतर नंतर तर ती घरीच सापडेना. भजनाला जायची. वाघवहिनींबरोबर मॅटिनीला जायची. बाबांचा लोखंडी पलंग तिनं भंगारवाल्याला दिला आणि मला विचारलंसुद्धा नाही. दिवाळीला गेले, तर आतल्या खोलीला पिवळा रंग.

“हा कुणी सुचवला?”

“मीच. मला आवडतो,” आई म्हणाली. अख्ख्या जन्मात तिला कुठला रंग आवडतो हे मला ठाऊक नव्हतं. बाबांना पांढरा आवडायचा, म्हणून घर पांढरं होतं.

पाचेक वर्षं अशी गेली. तेव्हा नाशिकला जागा निघाली आणि साहेबांनी मला आपण होऊन विचारलं. मी दोन दिवस झोपले नाही. सातारा सोडवत नव्हतं. पण आई सत्तरी ओलांडून गेली होती. लोकांची बोलणी ऐकून ऐकून माझ्या पाठीला घट्टे पडले होते. शेवटी मन घट्ट केलं आणि संध्याकाळी फोन लावला.

“आई, मला नाशिकला बदली मिळतेय. परत येतेय मी.”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो तिनं बारीक केला.

“कशाला?” ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “कशाला म्हणजे? तुझ्यासाठी!”

“मला काय झालंय?”

“अगं, तुझं वय झालं. एकटी किती दिवस...”

“तुझं तिथं बरं चाललंय ना?”

“चाललंय, पण...”

“मग राहा की. दिवाळीला येतेस, मे महिन्यात येतेस, तेवढं बास आहे.” मग थोडं थांबून, आवाज जरा खाली आणून म्हणाली, “रागावू नकोस, कुंदा. पण मला आता सवय नाही गं राहिली. तू आलीस की काय भाजी करू ते विचारायचं. टीव्ही बघू का ते विचारायचं. दिवा कधी मालवू ते विचारायचं. मी आधी बापाच्या घरी होते, मग सासूच्या हाताखाली, मग तुझे बाबा, मग तू. मला कुणी कधी कुलूप उघडूच दिलं नाही.”

रिसीव्हर धरून मी उभीच राहिले. संताप संताप झाला होता. मी त्याग करायला निघाले होते आणि तो ठेवायला कुणाकडे जागा नव्हती. बरं, भांडावं तरी कशावरून? तिनं जे शब्द वापरले होते, ते माझेच होते. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर तीनेक वर्षांनी केतकीचा साखरपुडा होता, ठाण्याला. हॉलमध्ये आई पहिल्या रांगेत बसली होती, पिवळी साडी नेसून. मी तिच्या शेजारी. जेवणं झाल्यावर मामी आल्या आणि चारचौघांत माझ्याकडे वळल्या. “काय गं कुंदा, बँकेतली खुर्ची आईपेक्षा मोठी झाली का तुला? या वयात तिला एकटी टाकलीस. रात्रीबेरात्री काही झालं म्हणजे?”

माझ्या जिभेवर सगळं आलं. गुरुवारचा फोन, साहेबांनी विचारलेली बदली, “कशाला?” सगळं. मी तोंड उघडलंसुद्धा.

“जाऊ द्या हो वहिनी,” आईनं मोठा सुस्कारा टाकला. “तिची नोकरी आहे, तिचाही इलाज नाही. होईल तिची बदली आता. साहेबांनी शब्द दिलाय. तोवर घर सांभाळायला कुणी नको का? म्हणून मी आपली पडलेय तिथं.”

“बघ, बघ आईचं काळीज!” मामी मला म्हणाल्या आणि डोळे टिपत निघून गेल्या. दादानं दुरून माझ्याकडे बघून मान हलवली.

मी आईकडे वळले. “आई, तू...”

तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला, जोरात दाबला आणि समोर स्टेजकडे बघत, ओठ न हलवता म्हणाली, “एक अक्षर बोलू नकोस. नाहीतर हा उल्हास मला आजच ठेवून घेईल.”